पाण्याला येणारा जळका वास

मंगळवार, ११ जून. नागपूर. मेंदूच्या डॉक्टरांची खोली, दुपारची वेळ.

हजर : मी, म्हणजे शोभा, वय बावन्न, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. माझे यजमान दिवाकरराव, हायस्कुलात गणित शिकवतात. नणंद सुमनबाई, ज्यांच्या नागपूरच्या घरी आम्ही उतरलो होतो. मुलगी प्राची, पुण्याहून फोनवर. आणि डॉक्टर.

गैरहजर : करुणा. माझ्याच कार्यालयातली दुसरी पर्यवेक्षिका आणि माझी अठरा वर्षांची मैत्रीण. तिला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर ती आली असती की नाही, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे लावली आणि पेनाच्या टोकाने एक पांढरा ठिपका दाखवला. सुपारीएवढी गाठ. "साधी वाटते, कॅन्सरची वाटत नाही. पण काढावी लागेल." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी असा वास येतो का, जो घरात दुसऱ्या कोणालाच येत नाही?"

यजमान माझ्याकडे पाहू लागले. उत्तर सुमनबाईंनी दिलं. "साहेब, दोन महिन्यापासून पान्याच्या वासानं हिनं आमचं डोकं खाल्लं आहे."

"कसला वास?"

"जळक्या वायरचा," मी म्हणाले.

"तो येतो तेव्हा बोलता येतं?"

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात एक नवं अंगण डोळ्यांपुढे आलं, हातातला स्टीलचा ग्लास आला, आणि एका म्हाताऱ्या बाईचं वाक्य आलं, जे मी पूर्ण ऐकलं होतं आणि ज्याला मी उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "ऐकू येतं. बोलता येत नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि ऑपरेशनचं बोलू लागले. मला गाठीची भीती वाटायला हवी होती, ती नंतर भरपूर वाटली. पण त्या खोलीत पहिल्यांदा मला एवढंच सुचलं, की करुणा माझ्याशी का बोलत नाही, ते आता मला कळलं आहे.

खरा वास

आमचं गाव तालुक्याचं, नागभीडच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण पाण्याचा यात फार दोष नव्हता. थोडा होता, तो आधी सांगते.

एप्रिलमध्ये नदी आटली आणि नळाला खरंच वास येऊ लागला. गाळाचा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा. चहा बिघडायचा, भात पिवळट व्हायचा. सगळ्या गल्लीने नाक मुरडलं. मी अर्ज लिहिला, घरोघर फिरून सह्या घेतल्या आणि नगरपंचायतीत नेऊन दिला. कामं वाटून द्यायची आणि पाठपुरावा करायचा, ही माझी नोकरीतली सवय आहे. त्यांनी टाकी धुतली, लाइन साफ केली, काही दिवसांत पाणी निवळलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळं झालं वो!" मी खूश झाले.

पण मला वास येतच होता.

मी तुरटी फिरवली. पाणी उकळलं. माठ बदलला, त्यात वाळा टाकला. पाणी भरायचा पितळी गुंड चिंचेने घासून घासून आरसा केला. गच्चीवरची टाकी माणूस लावून धुतली, मग त्याने नीट धुतली नसेल म्हणून स्वतः आत उतरून धुतली. नळाची तोटी बदलली. विकतचे कॅन आणले. यजमानांच्या भावाकडून गावच्या विहिरीचं पाणी मागवलं. प्रत्येक वेळी पहिले एकदोन दिवस वाटायचं, सुटलो. मग ग्लास तोंडाशी नेला, की तो आलाच.

पाणी सोडणारा नळवाला आमच्या दारावरून सायकलने जायचा. मी त्याला रोज थांबवायची.

"जळका वास येतो हो, वायर जळाल्यासारखा."

"बाई, सारी वस्ती पेऊन राह्यली. तुमालेच काऊन येते?"

"मला नाक आहे म्हणून."

"गाळाचा मना, शेवाळाचा मना, मी मान्य करतो. पन जळका?" तो पायडलवर पाय ठेवून हसला. "पानी का जळते, बाई?"

मला भयंकर राग आला. त्याने सहज विचारलेला प्रश्न बरोबर होता. गाळाचा वास केव्हाच गेला होता. नंतर आलेला वास दुसराच होता. एका तक्रारीतून मी दुसऱ्या तक्रारीत केव्हा गेले, ते माझं मला कळलं नाही. एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की पुढचं सगळं आपण तिच्यातच बसवत जातो. माझ्या डोक्यात 'पाणी खराब' हे बसलं होतं.

मी पाणी कमी प्यायला लागले. ताक, लिंबू सरबत, काळा चहा, काहीही, पण नुसतं पाणी नको. यजमान आधी समजावत होते, मग चिडू लागले. "मी पितो ना? मला काही झालं का?" एकदा ते म्हणाले, "तू हातात ग्लास धरून थांबतेस. देवापुढे उभी राहिल्यासारखी." मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. ते जे पाहत होते, तेच सांगत होते. तो गाठीमुळे येणारा फिटचा झटका होता. छोटा, खाली न पाडणारा झटका, ज्यात माणूस क्षणभर आपल्यातच अडकतं.

हे वाचणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवते. वास सगळ्यांना येत असेल तर नगरपंचायतीत जा. तुम्हाला एकट्यालाच, पुन्हा पुन्हा, सारखाच येत असेल तर दवाखान्यात जा. टाकी धूत बसू नका.

करुणाचं घर

मेच्या मध्यात सुमनबाईंच्या दिराच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून आम्ही नागपूरला गेलो. तिथेही वास. सुमनबाई म्हणाल्या, "तुमच्या गावचं पानी खराब होतं, आता आमच्या नागपूरचंही खराब झालं का वो वहिनी?" सासरची माणसं बसलेली होती. मी नाक दाबलं आणि ग्लास रिकामा केला. हे मुद्दाम सांगते, पुढे लागणार आहे.

मग बुद्धपौर्णिमेला करुणाचा गृहप्रवेश झाला.

करुणा आणि मी एकाच वर्षी या तालुक्यात रुजू झालो. जंगलातल्या अंगणवाड्या पालथ्या घालताना एकाच डब्यात जेवलो, एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो. ती मला ताई म्हणते, मी तिला नावाने हाक मारते. इतकी वर्षं ती भाड्याच्या खोल्यांत राहिली. आता तिचं स्वतःचं घर झालं होतं, दोन खोल्या, ओटा, अंगणात आंब्याचं रोप. पोंभुर्ण्याजवळच्या गावाहून तिची आई आली होती, मामा-मावश्या आल्या होत्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, आणि मी ओट्यावर टेकले.

करुणा ताट घेऊन आली. त्यात एकच ग्लास. "ताई, या घरचं पहिलं पानी तुमाले."

मी ग्लास उचलला आणि वास आला.

त्यानंतरचं मला बसमध्ये डुलकी लागल्यावर ऐकू येतं तसं आठवतं. ग्लास खाली ठेवल्याचं आठवत नाही, पण तो ओट्यावर होता, भरलेला. करुणाची आई बाजूलाच बसली होती. ती मोठ्याने बोलली नाही. भांडायच्या सुरातही बोलली नाही. पोरीची समजूत काढावी तसं म्हणाली, "राहू दे वो पोरी. तिले नाई चालत आपलं पानी."

मी ऐकलं. शब्दन्‌शब्द ऐकला. 'नाही हो आई, तसं नाही' एवढंच म्हणायचं होतं. जीभ हललीच नाही. बघणाऱ्यांना काय दिसलं असेल? एक बाई ग्लास खाली ठेवते. तिच्या तोंडावर ती गोष्ट बोलली जाते. आणि ती समोर पाहत गप्प बसते.

करुणाने ग्लास उचलला आणि पाणी आंब्याच्या रोपाला ओतलं.

भानावर आल्यावर मी उठले. "मला बरं वाटत नाही, मी निघते," म्हटलं आणि खीरही न खाता निघाले. कोणी थांबवलं नाही. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत.

मॅडम

त्यानंतर कार्यालयात करुणा मला मॅडम म्हणू लागली. "मॅडम, तुमची सही राह्यली." दौऱ्याला ती वेगळी निघायची. डबा आपल्या टेबलावर एकटी खायची. मी घरी येऊन यजमानांना म्हणाले, "घर काय बांधलं, मॅडम म्हणून राहिली मला!" ते पेपर तपासत होते. "विचार तिला," म्हणाले. मी विचारलं नाही. वास, डोकेदुखी, झोप नाही. रागवायला मला कोणीतरी हवंच होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सेविकांची मासिक सभा होती. मी पोषण आहाराचं काहीतरी सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच थांबले. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी ओठ चाटल्यासारखे करत होते, मग खुर्चीवरून खाली गेले, हातपाय ताठ. पळापळ झाली. कोणी म्हणे चप्पल हुंगवा, कोणी कांदा फोडला, कोणी तांब्या घेऊन तोंडात पाणी घालायला आलं. करुणाने तांब्यावाल्या बाईचा हात धरला. "तोंडात पानी नका टाकू! ठसका लागंन! सरका मांगं, हवा येऊ द्या." तिने मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पर्स ठेवली, रुग्णवाहिकेत माझ्याबरोबर बसली. यजमान दवाखान्यात पोहोचल्यावर त्यांच्या हातात माझं मंगळसूत्र आणि चष्मा मोजून दिला आणि निघून गेली.

तिथून नागपूर, मशीनमध्ये डोकं, आणि डॉक्टरांची ती खोली.

फोन

निदानाच्या संध्याकाळी मी सुमनबाईंकडे पलंगावर पडले होते आणि यजमानांना सगळं सांगितलं. अंगण, ग्लास, आईंचं वाक्य. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात करुणाला फोन लावला. गणिताच्या माणसाला उत्तर सापडलं, की ते फळ्यावर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी परत आले तेव्हा फोन स्पीकरवर होता.

"ताईची तब्येत कशी आहे, भाऊ?"

"गाठ निघाली. ऑपरेशन आहे."

"कोनत्या बाजूनं? धोका आहे का?"

"साधी आहे म्हणतात. आणि करुणाबाई, त्या दिवशी तुमच्याकडं ही पानी नाई पेली ना, ते या गाठीनं. डोक्यातच बिघाड होता. दुसरं काही नव्हतं."

मग करुणा म्हणाली, "डोक्यात गाठ नसलेलेही पेत नाईत, भाऊ." आणि लगेच, "ताईले सांभाळा. गोळ्या टाइमावर द्या." फोन बंद झाला.

सुमनबाई म्हणाल्या, "आजारी मानसाले असं बोलते का कोनी?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. वीस-पंचवीस वर्षांत नणंदेला मी असं कधी बोलले नव्हते. मग यजमानांकडे वळले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं फोन करायला?"

"मी तर साफ करत होतो सगळं."

"टाकी आहे का ती, साफ करायला?"

त्या घरात ऑपरेशनपर्यंत कोणी कोणाशी धड बोललं नाही. आजारपणात माणसं जवळ येतात म्हणतात. येतात, पण दोन खोल्यांच्या घरात जवळ आल्यावर एकमेकांचे कोपरे लागतात. सुमनबाई पथ्याचं करून घालायच्या आणि भांडी आपटायच्या. प्राची रजा काढून आली आणि दोघींच्या मधे बसून राहिली. मी सारखी उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. कपाटातल्या सुमनबाईंच्या साड्या रंगाप्रमाणे लावून ठेवल्या. त्यांनी त्या परत होत्या तशा लावल्या.

वॉर्ड

दवाखान्यात न्यायच्या गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या : पुढून बटणाचे गाऊन, कारण डोक्यावरून काही घालता येत नाही. मऊ सुती ओढणी, केस काढल्यावर बांधायला. वाकणारी नळी, पडल्या पडल्या पाणी प्यायला. आणि एक असा माणूस, जो रडत नाही. आमच्याकडे तो माणूस प्राची निघाली.

वॉर्डातला दिवस आपला नसतो. पहाटे ताप बघणार, मग बीपी, मग गोळ्या, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्या फेरीसाठी सगळ्यांनी आपापले प्रश्न पाठ करून ठेवायचे. मी कागदावर लिहून ठेवले होते. डॉक्टर हसले, पण उत्तरं सगळ्यांची दिली. माझा शेवटचा प्रश्न होता, "वास जाईल का?" ते म्हणाले, "बहुतेक जाईल. कधीतरी येऊ शकतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत." 'बहुतेक' हा शब्द मी दिवसभर चघळला.

शेजारच्या पलंगावर सिरोंच्याकडची एक म्हातारी होती, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेली. तिला आणि तिच्या बहिणीला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. मी ग्लास हातात घेऊन घुटमळते, हे त्या बहिणीने पहिल्याच दिवशी पाहिलं. ती उठून आली, माझ्या हातातून ग्लास घेतला, स्वतः हुंगला, मान डोलावली. "मंची नीळ्ळु," म्हणाली. चांगलं पाणी. आणि परत दिला. मग ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तिचं ते कामच झालं. मी ग्लास उचलला, की ती हुंगायची, "मंची नीळ्ळु" म्हणायची, आणि मी प्यायची. वास असायचाच कधीकधी. पण दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी हुंगून पाहिलं, की पिता येतं. इतक्या महिन्यांत मला खोटं सगळ्यांनीच पाडलं होतं. पण माझ्या बाजूने नाक कोणी लावलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी केस गेले. आरसा मागितला नाही. यजमान स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "ते फोनचं माझं चुकलं." मी म्हणाले, "गॅसचं बटण बंद आहे का, ते शेजारच्यांना विचारा." आमच्यात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी नर्सने चमच्याने पाणी दिलं. त्याला कसलाच वास नव्हता, कसलीच चव नव्हती. मी अजून एक चमचा मागितला, मग अजून एक. ती म्हणाली, "हळू मावशी, पळून नाही चाललं पाणी."

नाक दाबून

करुणा श्रावणातल्या एका रविवारी घरी आली. ऑफिसच्या बायका आधी सगळ्या मिळून येऊन गेल्या होत्या, तेव्हा ती मागे उभी होती आणि मॅडमच म्हणाली होती. आता एकटी आली, माझे राहिलेले मासिक अहवाल घेऊन. ते तिने स्वतः पूर्ण केले होते. मी ओढणी नीट करून उठले, तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली, ग्लास खाली ठेवला, आणि सरळ विचारलं.

"ताई, त्या दिवसांत तुमी सुमनबाईकडे लग्नाले गेल्या होत्या ना?"

ताई म्हणाली. मी सावध झाले. "हो."

"तिथी पानी पेल्या?"

"पेले."

"वास नोयता?"

"होता. नाक दाबून पेले."

"मंग माह्या घरी काऊन नाई दाबलं?"

मला उत्तर माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. तरी दिलं. "तिथं सासरची भीती होती. तुझ्याकडे कसली भीती? म्हणून ठेवला ग्लास. आणि नंतर बोलता येत नव्हतं, ते खरं आहे. डॉक्टरांनी..."

"डॉक्टरचं मानलं मी. पडल्या तवाच मी पाह्यलं तुमाले, तुमी नव्हत्याच तिथी." ती बांगड्यांशी चाळा करत होती. "पन भीतीनं का होईना, तिथी पेल्या ना?"

मी काहीच बोलले नाही. या वेळी बोलता येत होतं.

"तुमाले माहीत आहे, माय कायले आलती? घर पाहाले नाई. तुमाले पाहाले आलती. दोन वर्सापासून सांगून राह्यली होती मी, माह्या ताई तशा नाईत. तिच्या लहानपनी तिले वरून वंजळीत पानी वाढत. माय मने, असं राह्यतच नाई कोनी. मी मनो, तू ये, मी दाखवतो तुले. एकच ग्लास ठेवला होता ताटात, पाह्यला ना? मुद्दाम."

"आई आता काय म्हणतात?"

"काईच नाई मनत. 'मी सांगतलंच होतं' एवढं मनली असती, तं भांडली असती मी. तेवढंही नाई मनत."

बाहेर पावसाची भुरभुर होती. यजमान आतल्या खोलीत खोकले, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी जाते त्यांच्याकडे," मी म्हणाले. "बरी झाले की जाते. आपण दोघी जाऊ."

"मी नाई येत."

"का गं?"

"मी आली तं माय मनंन, पोरीनं हाताले धरून आनली. एकट्या जा." मग उठता उठता हसली, तिचं जुनं, नाकातलं हसू. "आनि खीर खाऊन या. त्या दिवशीची बम उरली होती, पातेलंभर, तुमच्या नावानं शिव्या देऊन देऊन खाल्ली आमी."

बाकी

आता धान कापणीला आलं आहे. केस बोटभर वाढले. कामावर रुजू झाले, अर्धा दिवस. करुणा आणि मी पुन्हा एकाच टेबलावर जेवतो. पूर्वीसारखं नाही. ती कधीकधी बाटली पुढे करताना क्षणभर माझ्या हाताकडे पाहते, आणि मी तिला पाहताना पाहते.

वास एकदा आला, सप्टेंबरमध्ये. घरीच, स्वयंपाकघरात. भानावर आले तेव्हा ग्लास हातात होता आणि भरलेला होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तेव्हापासून नाही.

पोंभुर्ण्याकडे जायचं राहिलं आहे. अडचणी अशा : डॉक्टरांनी अजून एकटीने प्रवास करायला मनाई केली आहे, आणि करुणाची अट आहे एकटी जायची. यावर यजमानांनी तोडगा काढला. ते फाट्यापर्यंत येतील, तिथे टपरीवर चहा घेत बसतील, आणि फाट्यापासून गाव चालत जाता येतं. दवाखान्याची फाईल न्यायची की नाही, हा दुसरा मुद्दा. मी बॅगेत भरली होती, फिल्मसकट. मग काढून ठेवली. त्या बाईसमोर फिल्म उजेडापुढे धरून मी काय करणार? तिने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या ग्लासांचं स्पष्टीकरण माझ्या एका गाठीत नाही.

अडलं आहे ते क्रमावर. आधी सांगायचं आणि मग पाणी प्यायचं, की आधी पाणी आणि मग सांगणं? आधी सांगितलं तर बहाण्यासारखं वाटेल. आधी ग्लास घेतला, आणि नेमका तेव्हाच वास आला, तर मी पुन्हा तिच्या अंगणात गप्प बसून राहीन, आणि या वेळी मला सावरायला करुणाही नसेल. यजमान म्हणाले, "क्रम तुझ्या हातात कुठे आहे? घरात पाय ठेवला, की पाणी आधी येतं. बोलणं नंतर."

खरं आहे. म्हणजे मला बसायच्या आधी बोलावं लागेल, अंगणात उभं राहूनच. दोनदा दिवस ठरवला आणि पुढे ढकलला. एकदा करुणाची आई धान कापायला गेली होती, एकदा माझं डोकं दुखत होतं, किंवा दुखतंय असं मी म्हणाले. उभ्या उभ्या तिला पहिलं काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.